लाकूड कुठलं ते विचाराच, पण कधी चिरलं तेही विचारा

वाचकाचं पत्र, थोडक्यात: नव्या घरासाठी सहा बाय तीन फुटांचं जेवणाचं टेबल, एक पलंग आणि पुस्तकांची मांडणी करून घ्यायची आहे. आपल्या फर्निचरपायी कुठलं जंगल तुटू नये अशी इच्छा आहे. शेतातला जुना आंबा दीड महिन्यापूर्वी वादळात पडला. त्याचा आठ फुटांचा, पाच फूट घेराचा सरळ ओंडका तसाच पडून आहे. सुतार म्हणतो, "आंबा जळणाला ठीक, भुंगा लागेल, सागवानच घ्या." मुलगी म्हणते, एफएससीचा, म्हणजे जंगल सांभाळून तोडल्याचा, शिक्का असलेलं परदेशी ओक घेऊ. दिरांचं मत, लाकूडच नको, एमडीएफचे तयार तक्ते घ्या, तेवढंच एक झाड वाचेल. तीन महिन्यांत सगळं तयार हवं आहे. शेवटी वाचक विचारतात: "जवळचं लाकूड पर्यावरणाला चांगलं, एवढं तरी बरोबर आहे ना?"

उत्तर:

अर्धं बरोबर आहे. म्हणून आधी तेवढंच सोडवू या, कारण बाकीचे वाद त्याच्यातूनच निघतात.

लाकूड किती लांबून आलं यावरून ते चांगलं की वाईट हे ठरत नाही. एक टन माल एक किलोमीटर न्यायला जहाजाला ट्रकच्या मानाने खूपच कमी इंधन लागतं. त्यामुळे समुद्रापलीकडचं लाकूड आणि सहाशे किलोमीटरवरून ट्रकने आलेलं लाकूड यांत नुसत्या अंतरावरून डावंउजवं करता येत नाही. शिवाय शेजारच्या टेकडीवरून रात्रीत तोडून आणलेलं झाडही "स्थानिक"च असतं. जवळच्या लाकडाचा खरा फायदा हा की त्याची चौकशी करता येते. झाड कोणतं होतं, कशासाठी तोडलं, ओंडका कधी चिरला आणि फळ्या कशा वाळवल्या, या चार प्रश्नांची उत्तरं देणारा माणूस तुम्हाला प्रत्यक्ष गाठता येतो. तुमच्या आंब्याच्या बाबतीत पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं तुमच्याकडेच आहेत, आणि त्याहून चांगली उत्तरं कुठल्याही वखारीत मिळणार नाहीत. पुढचे दोन प्रश्न मात्र अजून तुमच्याच हातात आहेत, आणि त्यातला एक फार दिवस थांबणार नाही.

आता सुताराचं म्हणणं. त्याला मोडीत काढू नका, तो खरं तेच सांगतोय, फक्त अर्धं. आंब्याला भुंगा लागतो. ज्या लाकडात पिष्ट भरपूर आणि रंध्रं मोठी, त्यात हा बारीक भुंगा अंडी घालतो. अळ्या आतून पिष्ट खात जातात आणि बाहेर पडताना एक-दोन मिलिमीटरची गोल छिद्रं आणि मैद्यासारखी भुकटी मागे ठेवतात. हे पिष्ट असतं ते खोडाच्या बाहेरच्या फिकट भागात, म्हणजे झाड जिवंत असताना ज्यातून रस वाहतो त्या भागात. आतला गडद गाभा सहसा सुटतो. आंब्यात गाभा आणि बाहेरचा भाग यांच्यात ठळक सीमा नसते, म्हणून जवळजवळ सगळ्याच लाकडाला उपचार लागतात.

पण हाच नियम सागवानालाही लागू आहे, आणि सुताराने सांगितलं नाही ते हे. सागवानाची सगळी कीर्ती गाभ्याची आहे. बाहेरचा पांढुरका भाग सागाचा असला तरी वाळवी आणि भुंगा तो आवडीने खातात. पंधरा-वीस वर्षांत तोडलेल्या लागवडीच्या सागाच्या बारीक खोडात हा भाग बराच असतो. पॉलिशमध्ये रंग मिसळला की दोन्ही एकसारखे दिसतात. त्यामुळे वखारीत गेलात तर फळीच्या रुंद बाजूवर भाळू नका, टोक बघा. टोकाला ओला हात फिरवला की तपकिरी गाभा आणि फिकट कड वेगळी दिसते. कड फळीच्या एक-पंचमांशाहून जास्त असेल तर ती फळी बाजूला ठेवा.

तेव्हा प्रश्न "साग की आंबा" असा नाहीच. नीट वाळवलेला, औषध पाजलेला आंबा की ओलसर, कडेचा साग, असा प्रश्न घातला तर सुतारही वेगळं उत्तर देईल.

आता घाई कशाची ते. आंब्याचा ओंडका सालीसकट पडून राहिला की त्यात बुरशीचे निळे-काळे पट्टे शिरतात आणि भुंग्यालाही आमंत्रण मिळतं. दोन-तीन आठवड्यांत चिरणं उत्तम. तुमचे दीड महिने झालेत, म्हणजे थोडे डाग निघतील. डागांनी ताकद फारशी जात नाही. पण लाकूड नखाने दाबलं जात असेल, भुसभुशीत लागत असेल, तर तेवढा भाग गेला असं समजा. याच आठवड्यात तो चिरून घ्या. त्याआधी दोन कामं. एक, झाड स्वतःच्या जागेतलं आणि आपोआप पडलेलं असलं तरी ओंडका वाहून न्यायला बऱ्याच ठिकाणी वाहतूक परवाना लागतो. लागत असेल तर तो कागद हातात असल्याशिवाय सॉ मिलवाला ओंडका घेणार नाही, आणि घेत असेल तर दुसरा गाठा. दुसरं, खोडात खिळे, तारा आहेत का ते बघा. शेताच्या बांधावरच्या झाडाला कधीतरी कुंपणाची तार बांधलेली असते, ती सालीखाली गडप होते आणि करवतीचं पातं तोडते.

किती लाकूड निघेल? वखारीत घेराच्या चौथाईचा वर्ग करून लांबीने गुणतात. पाच फुटांची चौथाई सव्वा फूट, त्याचा वर्ग साधारण १.५६, गुणिले आठ, म्हणजे १२.५ घनफूट. (या हिशेबात खरं घनफळ एक-पंचमांशाहून थोडं जास्तच कमी धरलं जातं, म्हणजे विकणारे तुम्ही असाल तेव्हा लक्षात ठेवायची गोष्ट.) त्यातून चिरलेल्या फळ्या सहा-सात घनफूट हाती येतील. तुमच्या टेबलाच्या वरच्या भागाला, सव्वा इंच जाडीची कच्ची फळी धरली तर, १८ चौरस फुटांना १.९ घनफूट, आणि रंधा-काटछाटीचं पाव भाग नुकसान धरून साधारण अडीच. टेबलाचे पाय, चौकट धरून चार. म्हणजे टेबल यात आरामात बसतं, मांडणीच्या काही फळ्याही निघतील. पलंग बसणार नाही, आणि बसवूही नका. का ते पुढे येईल.

चिरताना सव्वा ते दीड इंच जाडी सांगा. खोडाचा अगदी मधला, बोटभर जाडीचा भाग फळीत ठेवू नका. तिथूनच तडे सुरू होतात. फळ्या आल्या की त्याच दिवशी दोन्ही टोकांना मेण, डांबर किंवा उरलेला ऑइलपेंट जाड फासा. लाकूड टोकांतून बाजूंपेक्षा कितीतरी पट वेगाने ओलावा सोडतं. टोकं आधी आवळली जातात, मधला भाग फुगलेलाच राहतो आणि टोक फुटतं. ही पाच मिनिटं वाचवायला गेलात तर प्रत्येक फळीचे सहा-आठ इंच वाया जातात.

औषध फळ्या ओल्या असतानाच द्यायचं, कारण ते पाण्याबरोबर आत झिरपतं. शंभर लिटर कोमट पाण्यात दोन किलो बोरिक ॲसिड आणि तीन किलो बोरॅक्स विरघळवा. नुसतं बोरिक ॲसिड पाण्यात नीट विरघळत नाही, बोरॅक्सची सोबत लागते. विटांची चौकट करून आत जाड प्लॅस्टिक अंथरलं की हौद तयार. फळ्यांमध्ये काड्या घालून, वर दगड ठेवून तीन-चार दिवस पूर्ण बुडवा. मग बाहेर काढून लगेच वाळवू नका. एकावर एक रचून तीन आठवडे प्लॅस्टिकखाली झाकून ठेवा, म्हणजे औषध मध्यापर्यंत पोचेल. हातमोजे घाला, आणि उरलेलं पाणी विहिरीजवळ किंवा झाडांच्या आळ्यात ओतू नका; बोरॉन जास्त झालं की झाडं जळतात. हे औषध पाण्याने धुऊन जातं, त्यामुळे घरातल्या वस्तूंनाच चालतं. अंगणातल्या बाकाला उपयोग नाही.

मग थप्पी. जमिनीपासून दीड फूट उंच, पक्क्या समतल आधारावर. प्रत्येक थरात दीड-दीड फुटांवर एक इंच जाडीच्या कोरड्या पट्ट्या, आणि वरच्या थराची पट्टी खालच्या पट्टीच्या बरोबर वर. हे एकाच गोष्टीसाठी: पट्टी अर्धा फूट सरकली की फळीवर तिथे बाक येतो आणि तो कायमचा. वर छप्पर, बाजू उघड्या, थेट ऊन नको. माथ्यावर दगड किंवा विटा.

आणि इथे तुमच्या तीन महिन्यांची अडचण. उन्हाळी, वाऱ्याच्या हवेत सव्वा इंचाचा आंबा चार-सहा महिन्यांत वाळतो, पावसाळा मध्ये आला तर आणखी. "एका इंचाला एक वर्ष" हा जुना हिशेब थंड हवेतल्या कठीण लाकडाचा आहे, पण त्यामागचा इशारा खरा आहे. पत्रात तुम्ही सगळ्या अटी मांडल्या, तारखेची अट मात्र कुणी लादली आहे ते लिहिलं नाही. तीच जरा सैल करता येईल का? जमिनीवर सतरंजी टाकून चार महिने जेवता येतं, पण ओल्या लाकडाचं टेबल पुढची वीस वर्षं छळतं. जवळपास लाकूड वाळवायची भट्टी असेल तर दोन आठवड्यांत काम होतं, आणि त्या उष्णतेने भुंग्याची अंडी-अळ्याही मरतात. लाकडाच्या मध्यापर्यंत ५६ अंश तापमान अर्धा तास राहावं, हा लाकडी खोक्यांच्या आंतरराष्ट्रीय वाहतुकीचा नियमच आहे. पण भट्टीचा उपयोग आत्ता आत असलेल्या अळ्यांपुरताच. पुढे नवा भुंगा येऊ नये याचं काम बोरॅक्सचं.

"वाळलंय" हे कुणाच्याही शब्दावर मानू नका, सागवान घेतानासुद्धा. दोन टाचण्यांचं ओलावा मोजायचं यंत्र मिळतं. फळीच्या टोकापासून फूटभर आत कापून, त्या ताज्या कापावर टोचा. वरच्या पृष्ठावर टोचलं तर तो नेहमीच कोरडा दाखवतो. यंत्र नसेल तर फळीच्या मधून एक इंच रुंदीची आडवी चकती कापा, स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला, मग ओव्हनमध्ये १०३ अंशांवर वजन उतरायचं थांबेपर्यंत ठेवा. सुरुवातीला ११२ ग्रॅम आणि शेवटी १०० ग्रॅम भरली, तर ओलावा १२ टक्के. हवेत आर्द्रता ५० टक्के असेल तर लाकूड ९ टक्क्यांवर स्थिरावतं, ६५ असेल तर १२ वर, ८० असेल तर १६ वर. तुमच्या घरात वर्षभर या दोन टोकांमध्ये काय फिरतं ते बघा आणि मधला आकडा धरा. बहुतेक घरांना १० ते १२ ठीक पडतो. १८ टक्के सांगत असेल तर ते लाकूड अजून झाडच आहे.

आकडे मुद्दाम दिले, कारण लाकूड पॉलिशनंतरही हलतं. सागासारखं शांत लाकूडसुद्धा, खोडाच्या वलयांना समांतर चिरलेलं असेल तर, दर एक टक्का ओलाव्याला रुंदीच्या साधारण ०.१९ टक्के आवळतं किंवा फुगतं. तीन फूट रुंदीच्या टेबलावर कोरड्या हवेतून दमट हवेत, ९ वरून १४ टक्क्यांवर, साडेआठ मिलिमीटर. आंब्याला थोडं जास्तच धरा. लांबीत मात्र काहीच होत नाही म्हटलं तरी चालेल. म्हणून वरची पाटी खालच्या चौकटीला गोंद आणि स्क्रूने सरळ बांधून टाकली तर पहिल्या कोरड्या मोसमात ती मधून फुटते, आणि दोष लागतो आंब्याला. सुताराला सांगा: मधल्या रेषेवर घट्ट, बाकी सगळे स्क्रू लांबट भोकांतून किंवा खाचेत सरकणाऱ्या लाकडी गुटक्यांनी. प्रत्येक बाजूला सहा मिलिमीटर मोकळीक. पाटी आठ-दहा इंची रुंद फळ्यांची न करता चार-पाच इंची पट्ट्यांची. आणि पॉलिश खालच्या बाजूलाही तेवढंच, नाहीतर एकाच बाजूने ओलावा पिऊन पाटी पापडासारखी वळते.

पलंगाचं वेगळं. तिथे दिसण्यापेक्षा भार महत्त्वाचा, आणि सगळं फर्निचर एकाच झाडाचं असावं हा हट्ट तसाही महागात पडतो. पायांना आणि बाजूच्या पट्ट्यांना बाभूळ घ्या. वजनदार, चिवट, गाडीच्या चाकांना आणि अवजारांच्या दांड्यांना वापरलेलं लाकूड आहे ते. ओंडके पाण्यात बुडवून ठेवायची जुनी पद्धत होती, तिने पिष्ट निघून जातं आणि भुंगा कमी लागतो. अशी मुरवलेली बाभूळ मिळाली तर सोडू नका. स्क्रूला आधी भोक पाडावंच लागतं. मांडणीला शिवण बघा. हलकी, लवकर वाढणारी, आणि न हलण्यात सागाच्या जवळ जाणारी. पुस्तकांचं वजन मीटरला पंचवीस-तीस किलो सहज होतं, म्हणून फळी पाऊण इंचाची असेल तर आधारांमधलं अंतर अडीच फुटांवर नेऊ नका, आणि पुढच्या कडेला दीड इंच उंचीची पट्टी चिकटवा. फणस मिळाला तर टेबलाचे पाय त्याचे करा. गाभा वाळवीला दाद देत नाही, आणि आधी हळदीसारखा पिवळा असतो तो काही वर्षांत तपकिरी होतो. रस्त्याकडेचा पडलेला रेन ट्री बहुधा जळणात जातो. मोठं दुर्दैव, कारण तो वाळताना फारच कमी आवळतो आणि अखंड पाटीला त्याच्याइतकं सोपं लाकूड क्वचित सापडतं. वेडी बाभूळ तर तोडली तर जमिनीवर उपकारच. तुकडे छोटे आणि वाकडे निघतात, पण फूट-दीड फुटाचे तुकडे जोडून केलेल्या पाट्या उत्तम टिकतात. नीलगिरी चिरतानाच फुटते, माहीतगार मिल नसेल तर नको.

शिसवीबद्दल कुणी सुचवलं तर जरा थांबा. या झाडाचा जवळजवळ सगळा कुळवंश, डालबर्जिया, २०१७ पासून साइट्स या धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, म्हणजे त्याच्या परदेशी व्यापाराला परवाने लागतात. देशातल्या खरेदीला ते बंधन नाही, पण जंगलातून येणाऱ्या शिसवीवर ताण किती आहे ते त्यातून कळतं. शिसवी हवीच असेल तर जुन्या फर्निचरची घ्या.

मुलीच्या म्हणण्यात दम आहे. एफएससी १९९३ पासून आहे, तशीच प्रमाणपत्र देणारी दुसरी व्यवस्था पीईएफसी १९९९ पासून, आणि दोन्हींमध्ये जंगलापासून दुकानापर्यंतची साखळी तपासतात. पण दुकानाच्या भिंतीवरचा शिक्का म्हणजे तुमच्या फळीचा शिक्का नव्हे. बिलावर त्या मालासमोर तो प्रमाणित असल्याचा दावा आणि प्रमाणपत्राचा क्रमांक हवा. तो क्रमांक संस्थेच्या संकेतस्थळावर तिनेच तपासावा. "मिक्स" लिहिलं असेल तर त्यात प्रमाणित नसलेलं, फक्त किमान तपासणी झालेलं लाकूडही असू शकतं. दुसरी बाजू अशी, की बांधावरची चार झाडं विकणाऱ्या शेतकऱ्याला हे प्रमाणपत्र परवडत नाही. कागद नाही म्हणून त्याचं लाकूड वाईट होत नाही; तिथे तुम्हालाच जाऊन झाडाचं खोड आणि नवीन लावलेली रोपं बघावी लागतात.

दिरांच्या एमडीएफमध्येही लाकूडच असतं, दळलेलं आणि डिंकाने बांधलेलं. भिंतीवरच्या उभ्या दारांना, जिथे पाणी येत नाही तिथे, ते चांगलं काम करतं. त्या डिंकातून फॉर्मल्डिहाइड हा अपायकारक वायू सुटतो, म्हणून घ्याल तर ई-१ प्रतीचं किंवा त्याहूनही कमी वायू सोडणारं. पण पुस्तकांच्या फळीला ते दोन फुटांपलीकडे वाकतं, आणि जेवणाच्या टेबलावर कडेतून पाणी शिरलं की फुगलेली कड पुन्हा खाली बसत नाही. आठ वर्षांत टाकून द्यावं लागणारं टेबल झाड वाचवत नाही. तुमचं झाड तर आधीच पडलंय. कोरड्या लाकडाच्या वजनाचा साधारण निम्मा भाग कार्बन असतो. ओंडका जाळला किंवा कुजला तर तो हवेत जाईल, टेबल झाला तर घरात राहील.

जुन्या घराच्या तुळया, दारं मिळत असतील तर पलंगासाठी त्या सगळ्यात बऱ्या. भिंतीत गेलेली टोकं फूटभर कापून टाका, वाळवी आणि कूज तिथेच असते. जुना रंग कोरडा घासू नका, त्यात शिसं असू शकतं.

तर क्रम असा ठेवा. या आठवड्यात परवाना आणि चिराई. पलंगासाठी जुनं किंवा वाळलेलं लाकूड आत्ताच घेऊन तो तीन महिन्यांत करून घ्या. टेबल आणि मांडणी फळ्या १२ टक्क्यांवर आल्यावर. सुताराशी ठरवताना मजुरी टेबल-पलंगावर ठरवा, लाकडाच्या घनफुटावर नको. नाहीतर महाग लाकूड सुचवण्यात त्याचा फायदा राहतो. आंबा चिरताना-घासताना त्याने मास्क आणि पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा, बिब्ब्याच्या कुळातलं झाड आहे, काहींच्या कातडीला भुसा झोंबतो. तेल-पॉलिश केलेल्या चिंध्या गोळा करून ठेवू नये, पसरून वाळवाव्यात. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि चिंध्यांचा ढीग आपोआप पेट घेतो.

पहिलं वर्षभर महिन्यातून एकदा टेबलाखाली काळा कागद अंथरून दुसऱ्या दिवशी बघा. मैद्यासारखी भुकटी दिसली तर वरचं छिद्र शोधून त्यात सिरिंजने लाकडाचं तेलकट कीटकनाशक सोडा आणि भोक मेणाने बुजवा. बोरॅक्सचं पाणी तिथे चालणार नाही, पॉलिशमधून ते आत जात नाही.